सात चर्चची पदयात्रा

एकाच शहरातली जुनी, मानाची कॅथलिक चर्च ठरलेल्या क्रमाने पायी गाठायची, प्रत्येक ठिकाणी ठरलेली प्रार्थना करायची आणि सगळा वेळ एका वाटाड्याच्या मागे चालायचे, असा हा भक्तिप्रकार आहे. त्याचे मूळ रोमचे. नुसती चर्च पाहत फिरणे वेगळे आणि ही पदयात्रा वेगळी. दोन चर्चमधली वाटही इथे उपासनेतच धरली जाते, त्यामुळे वाहनाने सातही चर्च उरकली तरी पदयात्रा झाली असे कोणी म्हणत नाही.

रोममध्ये संत पेत्र आणि संत पौल यांच्या कबरींवर यात्रेकरू फार जुन्या काळापासून येत. पोप बोनिफेस आठवे यांनी १३०० साली पहिले ज्युबिली वर्ष, म्हणजे पापक्षमेचे खास वर्ष, जाहीर केले. या दोन कबरींवरच्या बॅसिलिकांना, म्हणजे मानाच्या मोठ्या चर्चना, रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस आणि बाहेरून आलेल्यांनी पंधरा दिवस भेट दिली, तर पापाच्या शिक्षेतून माफी मिळेल, असा त्यांचा नियम होता. मध्ययुगात यादी वाढत सातवर गेली. वैयक्तिक यात्रेला घोळक्याची, गाण्याबजावण्याची पदयात्रा केले ते मात्र फिलिप नेरी यांनी. फ्लॉरेन्समध्ये १५१५ साली जन्मलेले नेरी १५५१ मध्ये धर्मगुरू झाले आणि त्याच दशकात त्यांनी तरुणांना घेऊन सात चर्चची फेरी सुरू केली. कार्निव्हलच्या, म्हणजे उपवासकाळाआधीच्या मौजमजेच्या, दिवसांत रोमच्या रस्त्यांवर मुखवटे, दारू आणि धिंगाणा चाले. त्याच दिवसांत पोरांना दुसरीकडे वळवावे, हा त्यांचा सरळ हिशेब.

संध्याकाळी सेंट पीटर्सला नमन करायचे आणि दुसऱ्या दिवशी शहराबाहेर सेंट पॉलकडे निघायचे. (त्या काळी सेंट पीटर्स अर्धवट बांधलेले होते. मायकेलअँजेलोने रचलेला घुमट १५९० मध्ये पुरा झाला, म्हणजे पहिल्या फेऱ्यांच्या लोकांनी तो पुरा पाहिलाच नाही.) पुढे सेंट सेबॅस्टियन, तिथे तळघरातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीचे दर्शन. मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, झाली की सेलियो टेकडीवर मात्तेई घराण्याच्या बागेत पंगत बसे. पाव, अंडी, चीज, सलामी, सफरचंद आणि थोडी वाइन, एवढाच बेत. सोबत वादक असत आणि मुले भजने गात. मग लॅटरन, होली क्रॉस, सेंट लॉरेन्स आणि शेवटी सांता मारिया माज्योरे. एकूण चाल वीस-पंचवीस किलोमीटरची. गर्दी वाढली तशी वरिष्ठांना शंका आली. नेरी नवा पंथ काढतात की काय, म्हणून १५५९ मध्ये त्यांना जाब विचारला गेला आणि काही दिवस प्रायश्चित्त संस्कार देण्यास, म्हणजे लोकांची पापकबुली ऐकून क्षमा देण्यास, मनाई झाली. पुढे १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. गोव्यामुळे आपल्याला जवळचे असलेले फ्रान्सिस झेवियर त्याच दिवशी संत जाहीर झाले.

सात चर्चचा दर्जा सारखा नाही. पोपचे स्वतःचे धर्मपीठ सेंट पीटर्समध्ये आहे, असे बहुतेकांना वाटते. ते आहे लॅटरनमध्ये. सेंट पॉल १८२३ च्या आगीत बहुतांशी जळाले आणि नव्याने उभे राहिले. सेंट लॉरेन्सवर १९ जुलै १९४३ रोजी बॉम्ब पडले. आजची इमारत जुने दगड पुन्हा रचून केलेली आहे. सांता मारिया माज्योरेमध्ये पाचव्या शतकातली मोझाइक चित्रे आहेत, आणि ऐन उन्हाळ्यात बर्फ पडल्याच्या आख्यायिकेची आठवण म्हणून दरवर्षी ५ ऑगस्टला छतातून पांढऱ्या पाकळ्या सोडतात. पोप फ्रान्सिस यांचे दफन एप्रिल २०२५ मध्ये इथेच झाले, तेव्हापासून या टप्प्यावर रांग लांबली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० च्या ज्युबिलीत सेंट सेबॅस्टियनच्या जागी शहराबाहेरचे ‘दिव्य प्रेमाची माता’ हे देवस्थान घेतले. जुन्या वळणाचे लोक अजून सेंट सेबॅस्टियनलाच जातात, आणि तिथली तळघरातली दफनभूमी (कॅटॅकोम्ब) सोडून पुढे जायला मन होत नाही हे खरेच आहे.

वाटाड्या हा या यात्रेचा कणा. इमारतींचे सन आणि शिल्पकारांची नावे सांगणारा गाइड त्यात येऊ शकतो, पण मुख्य माणूस तो नव्हे. पुढे क्रूस धरणारा एक जण, त्याच्या मागे फादर किंवा धर्मशिक्षक आणि मग बाकीचे, अशी साधारण रचना असते. चर्चच्या दारात थांबून कुठल्या हेतूने प्रार्थना करायची ते सांगतात. आत शुभवर्तमानातला उतारा, थोडी शांतता, एक गीत. बाहेर पडले की पुढच्या चर्चपर्यंत जपमाळ. सात थांब्यांना येशूच्या अखेरच्या रात्रीचे सात प्रसंग जोडण्याची पद्धतही आहे: गेथसेमनेची बाग, मग हन्ना आणि कयफा हे महायाजक, रोमन सुभेदार पिलात, राजा हेरोद, पुन्हा पिलात आणि क्रुसावर दिले ती कालवरी टेकडी. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी रात्री सात चर्चना भेट देण्याची प्रथा फिलिपिन्स, मेक्सिको अशा देशांत पसरली, तिच्यातही हेच प्रसंग घेतात.

विदर्भाच्या खेड्यापाड्यात ही यात्रा जशीच्या तशी करता येत नाही. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला, अमरावतीचा १९५५ मध्ये. वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत केरळातल्या सिरो-मलबार या कॅथलिक परंपरेचे चांदा धर्मक्षेत्र १९६२ पासून काम करते. त्याचे मुख्यालय बल्लारपूरला आहे. पण एका पॅरिशमध्ये (एका फादरच्या हद्दीत) एक चर्च आणि आजूबाजूच्या गावांत एखाद-दुसरे छोटे प्रार्थनाघर, असाच सगळा पसारा. नागपुरात सदर भागात सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे. त्याच भागातले ऑल सेंट्स कॅथेड्रल जुने आणि देखणे असले तरी ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाचे, कॅथलिक नव्हे. गावाकडून आलेल्या मंडळींना हा फरक आधी सांगावा लागतो.

म्हणून गावात चालते ती क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूस वाहण्याच्या प्रसंगांवरची प्रार्थना. तिचे चौदा टप्पे १७३१ मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांनी कायम केले. चर्चच्या भिंतीवर चौदा चित्रे टांगलेली असतात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मात्र लोक बाहेर पडतात आणि लाकडी क्रूस आळीपाळीने खांद्यावर घेतात. उत्तम शुक्रवार २० मार्च ते २३ एप्रिलच्या दरम्यान येतो, म्हणजे मोहफुले पडण्याचा आणि ऊन तापण्याचा काळ. दुपारी धुऱ्यावरून चालवत नाही, त्यामुळे पहाटे निघून ऊन चढायच्या आत परतणे शहाणपणाचे. त्या दिवशी उपवास असल्याने पंगत नाही. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना त्यात सूट असते. चपला चर्चबाहेर, बैठक सतरंजीवर, हे इथल्या बऱ्याच गावांतल्या प्रार्थनेचे रूप रोमच्या बाकांपेक्षा वेगळे आहे.

पायी आणि क्रमाने जायच्या यात्रेची ओळख मात्र विदर्भाला ख्रिस्ती मिशनऱ्यांनी करून दिलेली नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभाव साधक श्रीचक्रधर आणि श्रीगोविंदप्रभू यांच्या वास्तव्याच्या स्थानांना एकेक करून नमन करतात. कुठे बसले, कुठे थांबले, याची नोंद स्थानपोथीत आहे आणि जाणता सोबती ती जागा दाखवतो. कौंडण्यपूरची रुक्मिणीची आणि शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते. रोमची गोष्ट इथल्या माणसाला सांगताना दिंडीपेक्षा रिद्धपूरचे उदाहरण जास्त जुळते. दिंडीला एकच मुक्काम गाठायचा असतो, रिद्धपुरात स्थानाची खूण असलेला प्रत्येक ओटा हाच मुक्काम.

ज्यांना चर्चचीच फेरी करायची, त्यांना रोमपेक्षा जुने गोवे सोयीचे. से कॅथेड्रल, बॉम जेझू, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी, सेंट कॅथरीनचे चॅपल, सेंट काजेतान, रोझरी चर्च आणि टेकडीवरचे माउंट चर्च अशी सात ठिकाणे एका सकाळी पायी होतात. ही चर्च आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. माउंटची चढण शेवटी न ठेवता आधी घेतलेली बरी. ३ डिसेंबरला झेवियरांचा सण असतो. त्याआधीच्या नोव्हेना प्रार्थनेच्या नऊ दिवसांत आवाराला जत्रेचे रूप येते आणि शांतपणे प्रार्थना करत फिरणे अवघड होते. दर दहा वर्षांनी संतांचे अवशेष दर्शनासाठी बॉम जेझूमधून से कॅथेड्रलमध्ये आणतात. मागचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे झाले.