होकायंत्र बिघडवणारा स्क्रू

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलं, तेव्हा सगळ्यांनी इंजिनाचीच चौकशी केली. कॉकपिटमध्ये काय काय बसवावं लागतं, हे कोण विचारणार! अमेरिकेत हौशी मंडळींनी घरच्या गॅरेजात बांधलेली हजारो विमानं उडतात. पंख, सांगाडा झाला की ‘आता थोडंच राहिलं’ असं वाटतं, आणि मग पॅनेल, सीट, वायरिंग यांत महिने जातात. त्यातली माझी आवडती भानगड आहे स्क्रूची.

पॅनेलच्या वर, काचेपाशी, चुंबकीय होकायंत्र असतं. जीपीएस आलं तरी ते टिकून आहे, कारण त्याला वीज लागत नाही. पण ते ज्याच्या भरवशावर चालतं ते पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फारच दुबळं, आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). म्हणून त्याच्या आसपास लोखंडी स्क्रू नको, पितळी वापरा, असं सांगतात. काही जण स्टेनलेस वापरतात. ‘स्टेनलेसला लोहचुंबक चिकटत नाही’ हे आपण भांड्यांच्या दुकानात ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे.

३०४ या जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेलमुळे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहाही बाजूंच्या मध्यावर बसतात. ही रचना म्हणजे ऑस्टेनाइट; तिला चुंबक धरत नाही. पण स्क्रू घडवताना थंड धातूवर दाब देऊन डोकं काढतात, लाटून आटे पाडतात. त्या ताणाने काही ठिकाणी अणूंच्या ओळी सरकतात आणि मार्टेनसाइट ही दुसरी रचना तयार होते. ती चुंबकीय! घरच्या स्टीलच्या पातेल्याच्या दुमडलेल्या काठाला चुंबक किंचित ओढ घेतो, तो बहुधा यामुळेच. त्यातून स्क्रूड्रायव्हरचं टोक चुंबकाचं असेल, तर स्क्रूच छोटा चुंबक होऊन बसतो. त्याचा प्रभाव अंतराच्या घनाने घटतो, म्हणजे दुप्पट लांब नेला की आठवा हिस्सा. बसवण्याआधी प्रत्येक स्क्रू हातातल्या होकायंत्राजवळून फिरवून पाहावा.

तारांचंही तेच. १० अँपिअर वाहणारी सरळ तार १० सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्ला क्षेत्र देते. ते पृथ्वीच्या क्षेत्राला नेमकं आडवं पडलं तर दिशा २५ अंशांहून जास्त चुकते. जाणारी आणि परतणारी तार एकमेकींत पिळली की दोन्ही क्षेत्रं जवळपास रद्द होतात.

आणि हो, रक्तदाबावर म्हणून विकली जाणारी, मनगटात घालायची चुंबकीय कडी! रक्तावर त्यांचा काडीचा परिणाम होत नाही, होकायंत्रावर मात्र नक्की होतो.

सगळं बसवून झाल्यावर इंजिन आणि रेडिओ चालू ठेवून विमान जमिनीवरच गोल फिरवतात. होकायंत्रातले भरपाईचे छोटे चुंबक पितळी स्क्रूड्रायव्हरने जुळवतात आणि दर ३० अंशांवर उरलेली चूक लिहून तो तक्ता होकायंत्राजवळ लावतात. नंतर शेजारी हेडसेट टांगला, तर त्याच्या स्पीकरमधल्या चुंबकाने तक्त्यातले आकडे खोटे ठरतात.