जर्मनीत भाड्याच्या घराची दलाली कोणी भरायची?
पुण्याहून म्युनिक-स्टुटगार्टला निघालेल्याला हमखास ऐकवतात: ‘दोन महिन्यांचं भाडं दलालीसाठी वेगळं काढून ठेव.’ १ जून २०१५ आधी हे खरं होतं. आता कायदा सरळ आहे: ज्याने दलाल नेमला त्यानेच पैसे द्यायचे, आणि तो बहुतेक वेळा घरमालकच असतो. ‘घर दाखवण्याची फी’ मागितली तर खुशाल नाही म्हणा.

डिपॉझिट मात्र चुकत नाही. तेही जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून. ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क तुम्हाला आहे. मालक आपणहून सांगेलच असं नाही!

रिकाम्या स्वयंपाकघराची अफवा तेवढी खरी. कित्येक घरांत ओटा, सिंकसुद्धा नसतं.