पाचशेची अट आणि कोकणातल्या वाड्या

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक महसुली गावाला एक ओळ मिळते. घरं किती, माणसं किती, शाळा आहे का, बस येते का. येत नसेल तर जवळची बस ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० मध्ये की १० च्या पुढे, एवढं सांगणारं एक अक्षर. घाटावरच्या गावाला ही ओळ पुरते. कोकणातलं गाव मात्र वाड्यावाड्यांनी डोंगरभर पसरलेलं. एसटी तिठ्यावर थांबली की कागदावर गावाला बस आली. धनगरवाडी तिथून एक चढण आणि एक ओढा पलीकडे. पावसात ओढ्यावर साकव नसेल तर आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणायचं, हे अजूनही घडतं.

रस्ता कोणाला द्यायचा, याचा हिशोब पूर्वी वेगळा होता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते समिती नेमली गेली. पुढे १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग, म्हणजे आजच्या बांधकाम खात्याच्या फलकांवरचे प्रजिमा, इजिमा आणि ग्रामा, ही उतरंड त्या परिषदेत ठरलेल्या नागपूर आराखड्यातून आली. शेतीच्या प्रदेशातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून लांब राहू नये, असं तेव्हा ठरलं. या अटीत मोजमाप अंतराचं होतं, गाव लहान की मोठं याचं नाही.

१ जून १९४८ ला नगर-पुणे अशी पहिली एसटी सुटली आणि पुढच्या काही दशकांत लाल गाडी कोकणाच्या आतपर्यंत गेली. तिच्या फेऱ्यांमध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती वस्तीची गाडी. संध्याकाळी गावात येते, चालक-वाहक रात्री तिथेच मुक्काम करतात, पहाटे तीच गाडी शाळा-कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारे म्हातारे घेऊन निघते. प्रवासी घटले की फेरी तोट्यात दिसते, तोट्यातली फेरी बंद होते, आणि गाडी नाही म्हणून आणखी एखादं घर कुलूप लावून मुंबईला जातं.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. तिने महसुली गावाऐवजी वस्ती हा घटक धरला, आणि हे फार योग्य केलं. पण सोबत लोकसंख्येची अट आली: सपाट प्रदेशात किमान ५००, पहाडी राज्यं, वाळवंट आणि पाचव्या अनुसूचीतले आदिवासी भाग यांना २५०. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांपैकी कशातच बसत नाहीत. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीलाही मैदानी गावाचीच अट लागली. गाव म्हणून मोजलं तर तिठ्यापर्यंत रस्ता झालेलाच आहे, आणि वाडी म्हणून मोजलं तर माणसं पुरत नाहीत, अशी कोंडी झाली.

त्यात माणसं घटत गेली. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली, सिंधुदुर्गही घसरला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११०० हून जास्त स्त्रिया आहेत, कारण कर्ते पुरुष चाकरमानी होऊन बाहेर. म्हणजे डोक्यावर ओझं घेऊन ती चढण चढते ती बहुतेक वेळा बाईच.

राज्याने २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना सुरू केली. केंद्राच्या योजनेचा चौथा टप्पा २०२४ मध्ये मंजूर झाला: २५,००० वस्त्या, ६२,५०० किलोमीटर रस्ते. पात्रता अजून २०११ च्या आकड्यांवरच ठरते, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ ला व्हायची आहे. त्या मोजणीत वाड्यांचे आकडे आणखी उतरलेले निघतील, असं मला वाटतं. त्याआधी सह्याद्रीच्या डोंगराळ तालुक्यांना २५० ची अट लावावी आणि चढण, ओढा, दवाखान्याचं अंतर हेही पात्रतेत धरावं.