लिनक्सवर यूएसबी साधनांत होणारी संथ फाइल-कॉपी

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा बाहेरून जोडलेल्या हार्डडिस्कवर मोठी फाइल टाकताना लिनक्समध्ये नेहमी येणारी अडचण. प्रगतीपट्टी काही सेकंदांत नव्वद टक्क्यांवर पोचते आणि मग जागची हलत नाही. किंवा कॉपी झाल्याचे दिसते, पण ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करायला गेले की दहा-दहा मिनिटे थांबावे लागते. बऱ्याचदा यात बिघाड काहीच नसतो, पट्टीच वेगळी गोष्ट मोजत असते. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एकच प्रश्न सोडवायचा असतो : ड्राइव्ह खरोखर संथ आहे, की त्याचा नेहमीचाच वेग आता उशिरा दिसतो आहे?

कॉपी करणारा प्रोग्रॅम डेटा थेट ड्राइव्हवर लिहीत नाही. तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या हाती देतो आणि कर्नल तो रॅममधील पेज कॅशमध्ये ठेवून ‘लिहिले’ असे कळवते. अजून ड्राइव्हवर न गेलेल्या या पानांना ‘डर्टी’ पाने म्हणतात. ती किती साचू द्यायची याची मर्यादा मूळ मांडणीत टक्क्यांत असते : उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर पार्श्वभूमीत लेखन सुरू होते आणि २० टक्क्यांवर प्रोग्रॅमलाच रोखून धरले जाते. ३० सेकंदांहून जुनी झालेली पाने त्याआधीही लिहायला घेतली जातात. रॅम लहान होती तोवर हे टक्के सोयीचे होते. आज १२ जीबी मेमरी मोकळी असलेल्या संगणकावर २० टक्के म्हणजे सुमारे २.४ जीबी. पेनड्राइव्ह सेकंदाला ५ एमबी लिहीत असेल, तर एवढा साठा उतरायला ८ मिनिटे लागतात. पट्टीची सुरुवातीची धाव ही रॅममध्ये भरण्याची असते. अडकते ती जागा म्हणजे ड्राइव्हचा खरा वेग. ३२-बिट कर्नलमध्ये ही टक्केवारी फक्त ‘लो मेमरी’वर, म्हणजे जेमतेम ९०० एमबीवर मोजली जाई. त्यामुळे तिथे हा त्रास कमी जाणवे आणि ६४-बिटवर आल्यावर तोच ड्राइव्ह बिघडल्यासारखा वाटे. २०१३ साली कर्नल-विकासकांत यावर बरीच चर्चा झाली, पण टक्केवारीची मूळ मूल्ये तशीच राहिली.

साठा पाहायचा तर ‘प्रॉक’ फोल्डरातील ‘मेमइन्फो’ फाइलमध्ये ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळी असतात. ‘वॉच’ आज्ञेने त्या दर सेकंदाला पाहाव्यात. आकडा सावकाश का होईना पण उतरत असेल, तर काम चालू आहे. ‘सिंक’ आज्ञा दिली तर सगळा साठा उतरेपर्यंत ती परत येत नाही. टर्मिनलवर पुन्हा प्रॉम्प्ट दिसला की डेटा ड्राइव्हकडे पोचला. तोवर ड्राइव्ह ओढून काढणे म्हणजे अर्धवट फाइल आणि खराब फाइल सिस्टिम यांना आमंत्रण.

खरा वेग मोजायला ‘डीडी’ ही आज्ञा पुरते. ब्लॉकचा आकार ४ एमबी, संख्या २५६ आणि आउटपुट-फ्लॅग ‘डायरेक्ट’ दिला की १ जीबीची चाचणी-फाइल कॅश टाळून लिहिली जाते. लेखनाचे ठिकाण म्हणून माउंट केलेल्या, म्हणजे ड्राइव्ह जिथे उघडतो त्या फोल्डरातील फाइलचेच नाव द्यावे. चुकून ड्राइव्हच्या उपकरणाचे नाव दिले, तर विभाजन-सारणीच, म्हणजे ड्राइव्हवरील विभागांची नोंदच पुसली जाते. स्वस्त टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हमध्ये थोडा भाग वेगवान कॅश म्हणून वापरलेला असतो. तो भरेपर्यंत आकडा चांगला येतो आणि मग कोसळतो. मोठ्या फाइली टाकायच्या असतील तर चाचणीही काही जीबींची करावी.

आलेला आकडा पुष्कळ सांगतो. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६० एमबी. हाती ३० ते ४० एमबीच पडतात. यूएसबी ३.० चे ५ गिगाबिट संकेतनाचा भार वजा जाता ५०० एमबीपर्यंत पोचतात. तेव्हा यूएसबी ३ ची चांगली एसएसडी बरोबर ३५ एमबीवर टेकून बसली असेल, तर दोष ड्राइव्हचा नाही, जोडणीचा आहे. ‘एलएसयूएसबी’ला ‘टी’ हा पर्याय दिला की जोडणीचा वृक्ष दिसतो आणि प्रत्येक साधनासमोर १२, ४८० किंवा ५००० असा वेग लिहिलेला असतो. ५००० च्या जागी ४८० दिसण्याची कारणे अगदी साधी असतात : काळ्या प्लास्टिकचे जुने पोर्ट, मध्ये लावलेला २.० चा हब, वाढीव केबल, किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची सैल वायर. प्लग फार हळू खुपसला तर २.० च्या पिना आधी टेकतात आणि साधन त्याच वेगावर ओळखले जाते. काढून एका झटक्यात लावले की पुष्कळदा प्रश्न सुटतो. १२ दिसले तर सेकंदाला एक एमबीच्या आसपासच मिळणार.

त्याच वृक्षात ड्रायव्हरचे नावही असते. ‘यूएसबी-स्टोरेज’ एका वेळी एकच आज्ञा पाठवतो; ‘यूएएस’ अनेक आज्ञा रांगेत लावतो आणि एसएसडीला त्याचा मोठा फायदा होतो. मात्र काही डबी-एन्क्लोजरमधील चिपना यूएएस झेपत नाही. कॉपी ३० सेकंद ठप्प होते, ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, साधन ‘रीसेट’ झाल्याची नोंद पडते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. हे ३० सेकंद म्हणजे आज्ञेच्या उत्तराची वाट पाहण्याची कर्नलची मुदत. आधी केबल बदलून पाहावी आणि हार्डडिस्कला वीज पुरते ना हे तपासावे, कारण २.० च्या पोर्टवर ५०० आणि ३.० वर ९०० मिलिअँपिअर एवढीच हमी असते. तरीही फरक पडला नाही तर यूएसबी-स्टोरेज मॉड्यूलच्या ‘क्वर्क्स’ पर्यायात उत्पादक-क्रमांक, साधन-क्रमांक आणि इंग्रजी ‘यू’ हे अक्षर विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी जोडून द्यावे. त्या साधनापुरते यूएएस बंद होते. वेग थोडा घटतो, पण कॉपी अखंड चालते.

हजारो लहान फाइलींची गोष्ट वेगळी. फॅट ३२ वर प्रत्येक फाइलमागे फोल्डरातील नोंद आणि वाटप-सारणीच्या (कोणती जागा कोणत्या फाइलला दिली याच्या यादीच्या) दोन्ही प्रती बदलतात. फ्लॅश मेमरी मात्र मोठमोठ्या ठोकळ्यांत पुसली जाते, त्यामुळे चार केबीच्या बदलासाठीही आत पुष्कळ मोठी उलथापालथ होऊ शकते. फोटोंचा फोल्डर ‘टार’ने एका फाइलमध्ये बांधून टाकला तर फरक लगेच जाणवतो, फक्त फॅट ३२ ची ४ जीबीची मर्यादा लक्षात ठेवावी. नव्याने विभाजन करायचे असल्यास सुरुवात २०४८ व्या सेक्टरपासून करावी. जुनी साधने ६३ व्या सेक्टरपासून करत आणि प्रत्येक लेखन दोन ठोकळ्यांवर सांडण्याची शक्यता वाढे. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर कॉपी चालू असताना ‘टॉप’ या आज्ञेच्या यादीत एनटीएफएस-थ्रीजी या कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरची प्रक्रिया प्रोसेसर खाताना दिसली, तर कर्नल ५.१५ पासून आलेला ‘एनटीएफएस३’ ड्रायव्हर वापरून पाहावा. एक्सफॅटचा आजचा ड्रायव्हर ५.७ पासून कर्नलमध्येच आहे.

पट्टी खरी बोलावी असे वाटत असेल तर टक्क्यांऐवजी बाइट्समध्ये मर्यादा घालता येते. कर्नलची मूल्ये बदलणाऱ्या ‘सिसकंट्रोल’मध्ये व्हीएम गटातील ‘डर्टी-बॅकग्राउंड-बाइट्स’ला १६७७७२१६ आणि ‘डर्टी-बाइट्स’ला ५०३३१६४८ दिले, की १६ एमबीवर लेखन सुरू होते आणि ४८ एमबीवर प्रोग्रॅम थांबतो. बाइट्स दिल्यावर टक्क्यांची मूल्ये आपोआप शून्य होतात. याने ड्राइव्ह एका एमबीनेही वेगवान होत नाही. वाट पाहणे सुरुवातीपासून दिसते, एवढेच. शिवाय ही मर्यादा आतल्या डिस्कलाही लागू होते, म्हणून डेटाबेस चालणाऱ्या सर्व्हरवर ती लावू नये. कर्नल ६.२ पासून ‘सिस’ फोल्डरातील ‘बीडीआय’ वर्गात प्रत्येक साधनासाठी ‘मॅक्स-बाइट्स’ आणि ‘स्ट्रिक्ट-लिमिट’ या फाइली मिळतात. फक्त यूएसबी ड्राइव्हला लगाम घालायचा हाच नीटस मार्ग आहे.

‘सिंक’ पर्यायाने माउंट करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, तो टाळावा. त्यात प्रत्येक छोट्या लेखनागणिक वाटप-सारणी पुन्हा पुन्हा लिहिली जाते : कॉपी अतिशय मंदावते आणि फ्लॅश मेमरीचे तेच ठोकळे झिजतात. फॅटसाठी ‘फ्लश’ हा सौम्य पर्याय आहे आणि डेस्कटॉपवर ड्राइव्ह आपोआप माउंट करणारी यूडिस्क्स२ ही सेवा तोच वापरते.

एवढे करूनही वेग ठरावीक जागी पोचल्यावर शून्यावर येत असेल किंवा फाइली नंतर उघडत नसतील, तर ड्राइव्हच्या क्षमतेवरच शंका घ्यावी. ६४ जीबी छापलेल्या ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात ८ जीबीची चिप असू शकते. ‘एफ३’ संचातील ‘एफ३राइट’ रिकामी जागा पूर्ण भरते आणि ‘एफ३रीड’ ती वाचून पडताळते. ड्राइव्ह मोठा असेल तर या चाचणीला काही तास द्यावे लागतात.