जांभ्याच्या भिंतीतली उष्णता संगणकावर मांडताना

एप्रिलात कोकणातल्या घराच्या पश्चिमेकडच्या जांभ्याच्या भिंतीला रात्री दहाला आतून हात लावला तरी ती गरम लागते. जांभ्याची उष्णतावाहकता मीटरला, दर अंशामागे १ वॅट आणि घनमीटरची उष्णताधारकता अंशाला २० लाख जूल धरू. मग दुपारची उष्णता २३ सेंटिमीटर जाडीची भिंत ओलांडायला साधारण साडेसात तास घेते आणि आत पोचेपर्यंत तापमानाचा चढउतार सातव्या हिश्श्यावर येतो.

खोलीतली हवा मात्र स्वस्थ नसते. भिंतीलगत ती तापून वर चढते, जाताना भिंतीची उष्णता ओढते आणि त्यामुळे भिंतीचं तापमान बदलतं. म्हणून दोन्हींचं गणित एकत्रच सोडवावं लागतं. यासाठी लॅटिस बोल्ट्झमन ही हवेचा प्रवाह जाळीवर मांडणारी पद्धत फार सोयीची. जागेची चौकोनी जाळी करायची आणि जाळीच्या प्रत्येक घरातल्या, म्हणजे चौकोनातल्या, हवेचे नऊ वाटे पाडायचे: एक जागीच थांबणारा, चार सरळ जाणारे, चार तिरके. दर पायरीला, म्हणजे वेळेच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला, हे वाटे आधी घरातल्या घरात समतोलाकडे सरकतात, मग शेजारच्या घरांत जातात. समतोलाकडे सरकण्याचा साधा नियम १९५४ साली भटनागर, ग्रॉस आणि क्रूक यांनी मांडला. त्यातले प्रभुलाल भटनागर हे भारतीय गणितज्ञ. सरकण्याचा वेग टाऊ हा आकडा ठरवतो. तो ०.५ पेक्षा मोठाच हवा, आणि ०.५ला फार चिकटला की उत्तरात लाटा उठतात.

उष्णतेसाठी नऊ वाट्यांचा दुसरा संच लागतो. हवेचे वाटे भिंतीवर आपटून माघारी येतात, उष्णतेचे वाटे आरपार जातात. भिंतीचा पृष्ठभाग दोन घरांच्या केंद्रांच्या बरोबर मध्ये पडतो. जाडी मोजताना हे विसरलं की भिंत अर्ध्या घराने चुकते.

खरी अडचण पुढे आहे. बहुतेक जण तापमानाचेच नऊ वाटे करतात. पण दगडाची उष्णताधारकता हवेच्या सुमारे १,६७० पट असते. सीमेवर तापमान जुळतं, उष्णतेचा प्रवाह जुळत नाही. यावर सर्रास वापरली जाणारी पळवाट अशी: दगडाला हवेचीच धारकता द्यायची आणि वाहकतेचं गुणोत्तर तेवढं खरं ठेवायचं. स्थिर अवस्थेचं उत्तर बरोबर येतं, कारण तेव्हा काहीच साठत नसतं. दिवस-रात्रीच्या हिशेबात मात्र ही पळवाट घातक ठरते. जी भिंत आरपार तापायला २९ तासांच्या घरात वेळ घेते, ती संगणकावर मिनिटभरात तापते.

त्यापेक्षा वाटे उष्णतेचे करावेत. फिरणाऱ्या आठ वाट्यांना सगळीकडे हवेच्याच धारकतेने वजन द्यायचं (सरळ वाट्यांना १/९, तिरक्यांना १/३६) आणि उरलेली सगळी उष्णता थांबणाऱ्या वाट्यात ठेवायची. मग दगडातल्या उष्णतेचा तीन हजारांतला जेमतेम एक भाग दर पायरीला हलतो. नऊ वाट्यांची बेरीज त्या घराच्या स्वतःच्या धारकतेने भागली की तापमान मिळतं. सीमेवर वेगळं काही लिहावं लागत नाही, हे या मांडणीचं मोठं सुख.

आता आकडे. हवा सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने चढते असं धरून जाळीचं घर २ मिलिमीटरचं आणि पायरी एक हजारांश सेकंदाची घेतली, तर एका पायरीत हवा घराचा दहावा भागच ओलांडते. त्याहून जास्त नको. उष्णतेचा टाऊ हवेत ०.५१७ आणि दगडात १.१३च्या आसपास येतो. दिवसाला ८ कोटी ६४ लाख पायऱ्या होतात. भिंत तासाला २ अंशांनी तापत असेल, तर एका पायरीत अंशाचा निम्मा दशलक्षांश भागच बदलतो. संगणकातल्या कमी अचूक, ३२ बिटांच्या संख्येत ३० अंशांपाशी याच्या तिप्पट-चौपट बदल झाल्याशिवाय पुढचा आकडाच येत नाही. त्यामुळे बदल पायरीगणिक गाळला जातो आणि भिंत तापतच नाही. प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसण्याआधी संख्या ६४ बिटांच्या कराव्यात.

एवढं करूनही भिंतीचं प्रारण, म्हणजे तिच्यातून किरणांच्या रूपात बाहेर पडणारी उष्णता, राहतंच. ३० अंशांजवळ ते चौरसमीटरला, दर अंशामागे जवळपास ६ वॅट असतं, म्हणजे संथ हवा नेते त्याहून बहुधा जास्त. जाळीतले वाटे ते वाहून नेत नाहीत. भिंतीच्या पृष्ठभागालगतच्या घरांतून ते दर पायरीला वेगळं वजा करावं लागतं.