कुरिंजीचा पुढचा नंबर २०३०

आपली कारवी सगळ्यांना माहितीये, सात-आठ वर्षांनी फुलते, तिच्या काठ्यांचे कूड अजून कोकणात कुठे कुठे दिसतात. तिच्याच गोतातली दक्षिणेकडची नीलकुरिंजी, दोघीही स्ट्रोबिलॅन्थस या एकाच वंशातल्या, फक्त हिचा हिशोब बारा वर्षांचा. मुन्नारला २००६ ला फुलली, मग २०१८ ला, आता थेट २०३०. तमिळनाडूतले पळियन आदिवासी तर स्वतःचं वयसुद्धा हिच्या बहरांवर मोजायचे, म्हणजे चार बहर पाहिलेला माणूस पन्नाशीच्या आसपास धरायचा!

बहर आला, बी पडलं की झुडूप मरतं. सगळी एकदम का फुलतात? तर मधमाश्यांची जत्रा भरते, आणि बी इतकं पडतं की खाणारे खाऊन खाऊन दमले तरी उरतंच, असं एक स्पष्टीकरण आहे.

पण खरी गोष्ट जागेची आहे. १३४० ते २६०० मीटर उंचीवर, घळीत दाट ठेंगणं शोला जंगल आणि बाहेर उतारांवर नुसतं गवत, त्या गवतात कुरिंजी वाढते. इंग्रजांना हे गवत म्हणजे रिकामी पडीक जागा वाटली (आपल्याला तरी माळरान बघून वेगळं काय वाटतं?), मग चहा आला, निलगिरी आली, कातडं कमवायला साल हवी म्हणून वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) आला, आणि वॅटल तर नंतर आपला आपणच पसरत सुटला. सावली पडली की गवत संपलं. २०२४ मध्ये आययूसीएनने (धोक्यातल्या प्रजातींची जागतिक यादी ठेवणारी संस्था) कुरिंजीला असुरक्षित ठरवलं, ३४ ठिकाणी उरलीये, त्यातली ३३ पश्चिम घाटात, आणि अधिवास जवळजवळ ४० टक्के गेलाय.

यातली गोची अशी की अकरा वर्षं ते साधं हिरवं झुडूप असतं, कोणी ढुंकून बघत नाही, मधल्या काळात एखादा उतार गेला तरी पर्यटकांना कळणार बहराच्या वर्षीच, की अरे इथे निळं होतं ना? आणि सेल्फीसाठी फांदी तोडणाऱ्यांनो, जास्वंदीला उद्या परत फूल येतं, हिला नाही, बी धरायच्या आधी तुटली की त्या फांदीचा हिशोब तिथेच संपला.

२०१८ च्या बियांतून उगवलेली झुडपं आत्ता तिथेच आहेत. मुन्नारजवळच्या इरविकुलम राष्ट्रीय उद्यानात ताहर, म्हणजे तिथली रानबकरी, बघायला गेलात तर तो ज्या उतारावर चरतो ना, त्याच गवतात बघा, फूलबिल काही नसेल.