‘समाजसेवेला डिग्री कशाला?’ या प्रश्नामागचा इतिहास

मुंबईत एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला की पहिल्या काही आठवड्यांतच फील्डवर्कची, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकण्याची संस्था ठरते. गोवंडीच्या किंवा धारावीच्या गल्लीत पाऊल टाकलं की बायका विचारतात, “कुठल्या ऑफिसातून आलात? फॉर्म भरून घेणार का?” घरी वेगळंच ऐकावं लागतं: “समाजसेवाच करायची तर डिग्री कशाला?” ‘आपण नेमके कोण?’ हा गोंधळ मग मुलांना स्वतःचाच कच्चेपणा वाटतो. खरं तर तो या विषयाला जन्मापासून चिकटलेला आहे.

मुंबईत सेवेची परंपरा पदवीच्या कितीतरी आधीची. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. तिच्या रात्रशाळा आणि वाचनालयं गिरणी कामगारांपर्यंत पोचली. त्या कार्यकर्त्यांचा मान त्यागावर उभा होता. पगाराची, कामाच्या वेळेची गोष्ट काढणंही तिथे शोभलं नसतं.

प्रशिक्षित समाजकार्यकर्ता आला तो नागपाड्यातून. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट तिथे नेबरहूड हाऊस हे वस्तीतलं सेवाकेंद्र चालवत. टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. १९४४ मध्ये त्याचंच नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. केसवर्क (एकेका व्यक्तीसोबतचं काम), ग्रुपवर्क (गटासोबतचं काम) ही शिकवण्याची चौकट अमेरिकेतली. समोरची माणसं मात्र चाळीत एका खोलीत दहा जण राहणारी. ही फट अजून पुरती बुजलेली नाही.

ओळख मिळाली ती नोकऱ्यांमुळे. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली, ती देशातली पहिली मानली जाते. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. गिरण्यांच्या शहरात ही मोठीच सोय झाली, पण तो अधिकारी पगार मालकाचा घेई आणि गाऱ्हाणी कामगारांची ऐके. पुढे त्यातले बरेच जण पर्सोनेलकडे, म्हणजे कंपन्यांच्या कर्मचारी विभागाकडे वळले. १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन हे समाजकार्याचं आणखी एक महाविद्यालय सुरू झालं.

वर्गात मिळत नाही ते रेकॉर्डिंगच्या, म्हणजे फील्डवर्कची नोंद लिहायच्या वहीत मिळतं, असं माझं मत. विद्यार्थी लिहितो, ‘आईची समजूत घातली, तिने मुलाला शाळेत पाठवायचं कबूल केलं.’ सुपरवायझर समासात पेन्सिलीने विचारते, ‘ती काय म्हणाली? तू किती वेळ बोललास?’ पुढच्या आयसीत, म्हणजे सुपरवायझरसोबतच्या वैयक्तिक बैठकीत, तेच पान पुन्हा उघडतं. आपण ऐकलं कमी आणि उपदेश जास्त केला, हे तिथे कळतं. हे ओशाळवाणं असतं, पण मदत करणारा आणि मदतीचं काम शिकलेला यांतला फरक तिथेच पडतो. सुपरवायझरला वेळ नसेल, तर हीच वही नुसती हजेरी होऊन बसते, आणि तसं सर्रास होतं.

ऐंशीच्या दशकानंतर टाटा इन्स्टिट्यूटच्या प्रकल्पांनी नवी वाट दाखवली. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. म्हणजे छळाची तक्रार घेऊन आलेल्या बाईशी बोलायला पोलीस यंत्रणेतच समाजकार्यकर्ती बसू लागली. १९९० मध्ये कोठडीतल्या आणि तुरुंगातल्या माणसांसाठी ‘प्रयास’ आलं, १९९६ मध्ये अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ क्रमांकाची चाइल्डलाइन ही फोनसेवा. ‘मी काय करते’ याचं उत्तर या पिढीला एका वाक्यात देता येऊ लागलं.

कायद्याने मात्र हात आखडता घेतला. वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना नर्सिंग कौन्सिल. समाजकार्याला देशपातळीवर अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. राष्ट्रीय परिषदेच्या विधेयकाचे मसुदे नव्वदच्या दशकापासून फिरत आहेत. १९९७ मध्ये व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांचं नीतिमूल्यांचं घोषणापत्र प्रसिद्ध झालं, पण ते मोडणाऱ्याचा परवाना काढून घ्यायला मुळात परवानाच नाही. म्हणूनच संस्थांच्या जाहिरातींत आजही ‘एमएसडब्ल्यू किंवा कोणताही पदवीधर, वस्तीत कामाचा अनुभव’ असं बिनदिक्कत छापलेलं असतं.